परदेशातून पार्थिव मायदेशी आणताना



न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्यापूर्वी उरण तालुक्यातील ह्या किनाऱ्यावरचे संसार मासेमारी, मिठागरे आणि भातशेती ह्यांवर चालत. आज तेथील धक्क्याला जगभरातील कंटेनर जहाजे लागतात आणि उरण-पनवेलपासून वसईपर्यंतच्या ख्रिस्ती घरांतून कोणी जहाजावर, तर कोणी आखाती देशांत नोकरीस गेलेला असतो. निघताना तो चर्चमध्ये गुडघे टेकतो, आईवडिलांचा आशीर्वाद घेतो आणि कराराचे महिने मोजू लागतो. परंतु तेथेच त्याला देवाज्ञा झाली, तर मागे राहिलेल्यांनी काय करावे, ह्याचा विचार सहसा कोणी करून ठेवत नाही.

अशा घरी आम्ही सांत्वनासाठी जातो तेव्हा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : "फादर, त्याला घरी कधी आणता येईल?" ह्याचे उत्तर कोणत्याही एका कार्यालयाच्या हाती नसते. मृत्यू ज्या देशात झाला तेथील सरकार, नोकरीवर ठेवणारा मालक, भारतीय दूतावास, विमान कंपनी आणि मुंबईतील आरोग्य अधिकारी, अशा पाच दारांतून पार्थिवाला यावे लागते. मात्र ह्या प्रवासाचा आरंभ कुटुंबाच्या संमतीने होतो आणि त्याचा खर्च पुष्कळदा कायद्यानेच मालकावर टाकलेला असतो. ह्या दोन गोष्टी ठाऊक नसल्याने कुटुंबांचे दिवस वाया जातात, प्रसंगी कर्जही होते. म्हणून ही माहिती येथे एकत्रित देत आहोत.

एक जुना प्रवास

परक्या किनाऱ्यावरून पार्थिव आणण्याची आपल्या भागातील सर्वात परिचित घटना संत फ्रान्सिस झेवियर ह्यांची आहे. चीनच्या किनाऱ्यालगतच्या सान्सियान बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे केवळ अस्थी नेता याव्यात ह्या हेतूने शवपेटीत चुना भरून त्यांना तेथेच पुरण्यात आले. १७ फेब्रुवारी १५५३ रोजी, जहाज परतीला निघण्याच्या वेळी, पेटी उघडली असता देह शाबूत आढळला. मार्च महिन्यात तो मलाक्क्यास पोहोचला व तेथे पुन्हा पुरण्यात आला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका जेझुइट धर्मगुरूने कबर उघडून पाहिली आणि त्यानंतरच पुढील प्रवासाची हालचाल सुरू झाली. १६ मार्च १५५४ रोजी पार्थिव गोव्यास आले. निधनापासून गोव्यापर्यंत पंधरा महिने लागले.

चुन्याची जागा आता एम्बामिंगने घेतली आहे आणि मोसमी वाऱ्यांची जागा विमानाच्या वेळापत्रकाने. परंतु मधल्या मुक्कामावर पार्थिव अडते आणि कोणीतरी पाठपुरावा केल्याविना ते पुढे सरकत नाही, हे आजही तसेच आहे.

पहिल्या दिवशी काय करावे

बातमीची खात्री प्रथम करावी. मोबाइलवरून फिरत आलेल्या संदेशावर विसंबू नये. मालक, जहाज कंपनी, रुग्णालय किंवा भारतीय दूतावास ह्यांपैकी एकाकडून तरी मृत्यूची पुष्टी घ्यावी. त्यानंतर पुढील माहिती एका कागदावर लिहून काढावी :

१) पासपोर्टवर आहे तसे पूर्ण नाव आणि पासपोर्टचा क्रमांक;
२) व्हिसा, इकामा अथवा तेथील ओळखपत्राचा क्रमांक;
३) मालकाचे वा कंपनीचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी;
४) मृत्यूची तारीख, स्थळ आणि समजलेले कारण;
५) पार्थिव कोणत्या रुग्णालयाच्या शवागारात आहे ते.

दूतावासाशी बोलण्यासाठी कुटुंबातून एकाच व्यक्तीची नेमणूक करावी. काका एक सांगतात, मेहुणे दुसरे आणि गावातील पुढारी तिसरेच, असे झाले की अधिकारी थांबून राहतात. निर्णयाचा अधिकार मात्र जवळच्या वारसांचा, म्हणजे पत्नी वा पती, सज्ञान मुले आणि आईवडील ह्यांचा असतो. सौदी अरेबियासारख्या देशातून पार्थिव आणावयाचे असल्यास वारसांचे संमतीपत्र वा मुखत्यारपत्र मागितले जाते. पार्थिव भारतात पाठवावे की तेथेच दफन करावे, हे त्यात स्पष्ट लिहावे लागते. सासर-माहेरचे मतभेद असतील तर ते घरातच मिटवावेत. आवश्यक वाटल्यास धर्मगुरूंना मध्ये घ्यावे. ते पत्र उशिरा गेले तर पुढचे सर्व कागद उशिरा होतात.

दूतावासाकडून वेळेवर उत्तर न आल्यास परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' ह्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. ही सोय फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा आणि पुढील प्रत्येक पत्रात तो लिहावा.

मृत्यू अपघाती, संशयास्पद किंवा आत्महत्येचा असेल तर तेथील पोलिसांचा तपास आणि शवविच्छेदन आटोपल्याविना पार्थिव मिळत नाही. ओळख पटवण्यासही वेळ लागतो. कुवेतच्या मंगाफ भागात १२ जून २०२४ रोजी कामगारांच्या इमारतीला आग लागली. त्यात मृत्यू पावलेल्यांची ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचण्यांचीही मदत घेण्यात आली. पंचेचाळीस भारतीयांची पार्थिवे १४ जून रोजी हवाई दलाच्या विमानाने कोचीला आणण्यात आली. तेथे सरकारने स्वतः धाव घेतली म्हणून दोन दिवसांत ते घडले. एकट्या-दुकट्या कामगाराच्या बाबतीत इतक्या वेगाची अपेक्षा धरता येत नाही, हे घरच्यांना सौम्यपणे पण आधीच सांगून ठेवावे.

पार्थिव आणावे की तेथेच दफन करावे?

आपल्या माणसाचे अखेरचे दर्शन घडावे, आपल्या दफनभूमीत आजोबा-आजीच्या शेजारी त्याला जागा मिळावी, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु काही वेळा ते शक्य नसते, किंवा शोकात महिने लोटतील असे दिसते. अशा वेळी तेथेच दफन करण्यास संमती देणाऱ्या आईबापांनी स्वतःला अपराधी समजू नये. दफन कोणत्या मातीत झाले ह्यावर पुनरुत्थानाची आशा अवलंबून नसते. पार्थिव समोर नसतानाही मृतासाठी मिस्सा अर्पण करता येते आणि धर्मग्रामाने ती अवश्य करावी.

दहन करून अस्थी आणण्याचा मार्गही काही कुटुंबांपुढे येतो. ख्रिस्तसभेने १९६३ पासून दहनास मुभा दिली आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील १७६ व्या नव्हे, तर ११७६ व्या कलमात दफनाची शिफारस कायम ठेवून ही मुभा नमूद आहे. श्रद्धेविरुद्धच्या हेतूने केलेले दहन तेवढे निषिद्ध मानले आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हॅटिकनच्या सूचनापत्रानुसार रक्षा पवित्र स्थळी, म्हणजे दफनभूमीत वा चर्चने नेमलेल्या जागी ठेवावी. ती समुद्रात सोडू नये किंवा वाऱ्यावर विखरू नये. घरी नेऊन कपाटात ठेवण्याचा प्रघातही त्यात मान्य केलेला नाही. म्हणून रक्षापात्र आणण्यापूर्वीच त्याच्या जागेविषयी धर्मगुरूंशी बोलून घ्यावे.

कोणते कागद लागतात?

भारतात पार्थिव उतरवून घेण्यासाठी मुख्यतः चार कागद लागतात :

१) मृत्यूचा दाखला. तो तेथील सरकारी कार्यालयाचा असावा आणि त्यावर मृत्यूचे कारण असावे. अरबी वा अन्य भाषेतील दाखल्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत घ्यावे.
२) एम्बामिंगचे प्रमाणपत्र. देह टिकावा म्हणून त्यावर औषधी प्रक्रिया झाल्याचा हा पुरावा होय.
३) भारतीय दूतावासाचे ना हरकत प्रमाणपत्र.
४) रद्द केलेल्या पासपोर्टची प्रत. मूळ पासपोर्ट दूतावासात देऊन रद्द करून घ्यावा लागतो.

सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग एकसारखे आहे ना, हे बारकाईने पाहावे. आपल्याकडे बाप्तिस्म्याचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ह्यांचा क्रम एकेका कागदावर वेगळा असतो. तेथे पासपोर्टवरील नाव हेच प्रमाण धरावे.

१९५४ च्या भारतीय विमान (सार्वजनिक आरोग्य) नियमांनी पार्थिव हवाबंद, धातूचे अस्तर लावलेल्या पेटीत असणे आवश्यक केले आहे. दहन झाले असल्यास रक्षापात्राला बाहेरून योग्य वेष्टन असावे लागते. दुबईत एम्बामिंगचे सरकारी केंद्र मुहैस्ना भागात होते. त्या भागाला तेथील भारतीय कामगार सोनापूर म्हणतात. मुंबईत हेच नाव जुन्या स्मशानाचे आहे, हे ऐकून आपल्या वाचकांना चुटपुट लागल्यावाचून राहणार नाही.

खर्च कोणी करावयाचा?

"आम्ही किती पैसे पाठवू?" असे कुटुंबाने मालकास विचारण्यापूर्वी तेथील कायदा पाहावा. सौदी अरेबियाच्या कामगार कायद्याच्या ४० व्या कलमानुसार पार्थिवाची तयारी आणि करार झाला त्या ठिकाणी ते पोहोचवण्याचा खर्च मालकाचा आहे. तेथील सामाजिक विमा संस्था तो उचलत असेल, अथवा कुटुंबाच्या संमतीने तेथेच दफन होत असेल, तेवढाच अपवाद. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यातही मालकावर अशीच जबाबदारी आहे. म्हणून मालकाकडे मागणी करताना याचना करण्याचे कारण नाही.

मालक पळाला, कंपनी बुडाली किंवा माणूस कागदपत्रांशिवाय राहत होता, अशा वेळी दूतावासाकडील भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत मागता येते. हा निधी २००९ मध्ये स्थापन झाला. आर्थिक स्थिती पाहून गरजूंचे पार्थिव मायदेशी पाठवण्याचा खर्च त्यातून करता येतो. त्यासाठी घरच्या परिस्थितीविषयीचे पत्र दूतावासाला लवकर द्यावे.

एमिग्रेशनची मंजुरी घेऊन नोकरीस गेलेल्यांसाठी 'प्रवासी भारतीय बीमा योजना' २००३ मध्ये सुरू झाली. २०१७ च्या सुधारणेनंतर अपघाती मृत्यूसाठी दहा लाख रुपयांचे संरक्षण त्यात ठेवण्यात आले. अनेक घरांत ही पॉलिसी ट्रंकेत पडून राहते आणि कोणाला तिचे स्मरणही होत नाही. ती शोधावी.

विमान कंपन्या पार्थिव मालवाहतूक विभागातून आणतात. एके काळी आखातातून येणाऱ्या पेटीचे वजन करून किलोमागे भाडे घेतले जाई. प्रवासी भारतीयांनी ह्यास तीव्र आक्षेप घेतला. अखेर २०१९ च्या प्रारंभी एअर इंडियाने अमिरातीतून आणावयाच्या पार्थिवांसाठी ठरावीक दर जाहीर केला : प्रौढासाठी १,५०० दिरहम आणि बारा वर्षांखालील मुलासाठी ७५०. माणसाच्या देहाला तराजूत घालू नये, ही मागणी कोणत्याही धर्माच्या माणसाला पटणारी होती. आज दर प्रत्येक कंपनीचे निराळे असल्याने लेखी आकडा मागून घ्यावा. मध्यस्थाला पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये.

जहाजावर मृत्यू झाल्यास

न्हावा शेवा परिसरातील कुटुंबांसाठी हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. खलाशी वा अधिकारी जहाजावर मरण पावला तर पार्थिव शीतगृहात ठेवून पुढील बंदरापर्यंत नेले जाते व बहुधा तेथून विमानाने घरी येते. पुढचे बंदर न्हावा शेवा हेच असेल, तर बंदरावरील आरोग्य अधिकारी, सीमाशुल्क, इमिग्रेशन आणि पोलीस ह्यांच्या परवानग्या जहाजाच्या स्थानिक एजंटाने घ्यावयाच्या असतात. कुटुंबाने बंदराच्या फाटकावर जाऊन ताटकळण्यापेक्षा ह्या एजंटाचे नाव व दूरध्वनी कंपनीकडून मिळवावा.

पुढचे बंदरही पार्थिव उतरवू देईल, याची पूर्वी शाश्वती नव्हती. करोनाच्या काळात, एप्रिल २०२१ मध्ये, 'इताल लिबेरा' ह्या मालवाहू जहाजाच्या इटालियन कप्तानाचा प्रवासात मृत्यू झाला. आशियातील बंदरांनी पार्थिव उतरवू दिले नाही. शेवटी जहाज इटलीकडे वळले आणि सुमारे दोन महिन्यांनी, जूनमध्ये, ते पार्थिव मायदेशी पोहोचले.

२००६ च्या सागरी कामगार करारात २०२२ मध्ये ह्या प्रश्नावर दुरुस्ती झाली आणि २३ डिसेंबर २०२४ पासून ती अमलात आली. मृत्यू ज्या देशाच्या हद्दीत झाला त्या देशाने, आणि भर समुद्रात झाला असल्यास जहाज पुढे ज्या देशाच्या हद्दीत शिरेल त्या देशाने, पार्थिव वा रक्षा मायदेशी पाठवण्यास साहाय्य करावे, आणि ते मृताच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या इच्छेनुसार व्हावे, असे त्यात म्हटले आहे. पाठवणी जहाजमालकाने करावयाची आहे. भारताने हा मूळ करार ९ ऑक्टोबर २०१५ रोजी स्वीकारला.

ह्याच कराराने आणखी काही हक्क दिले आहेत. नोकरीच्या काळात मृत्यू झाल्यास अंत्यविधीचा खर्च जहाजमालकाचा. जहाजावर राहिलेले सामान सांभाळून ते वारसांना परत करण्याची जबाबदारीही त्याचीच. कराराप्रमाणे देय असलेल्या भरपाईपेक्षा कमी रक्कम स्वीकारण्यासाठी वारसांवर दबाव आणता येत नाही. पार्थिव हाती देताना कोणी "पूर्ण व अंतिम हिशेब" अशा मजकुरावर सही मागितली, तर वकिलाला किंवा खलाशांच्या युनियनला दाखवल्याशिवाय ती देऊ नये. पार्थिव मिळवण्यासाठी हक्क सोडून द्यावा लागत नाही.

जगातील अनेक बंदरांत दर्याववर्दींसाठी ख्रिस्तसभेची 'स्टेला मारिस' ही सेवा चालते. तिचा आरंभ १९२० मध्ये ग्लासगो येथे झाला. आपल्या धर्मगुरूंमार्फत त्या बंदरातील चॅप्लिनशी संपर्क साधता आला, तर ते पार्थिवाजवळ प्रार्थना करू शकतात व सहकाऱ्यांना धीर देऊ शकतात. आपला मुलगा तेथे अगदीच एकटा नव्हता, हे समजल्याने आईला केवढा आधार मिळतो!

मुंबईत पार्थिव उतरल्यावर

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ३ ऑगस्ट २०२३ रोजी 'ई-केअर' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. वर सांगितलेले चार कागद त्यावर भरून विमानतळ आरोग्य अधिकाऱ्यांची मंजुरी मागता येते. विमान सुटण्यापूर्वीच ही मंजुरी आल्याची खात्री करावी. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीच्या गोंधळात, दिल्लीस पोहोचलेली तीन भारतीयांची पार्थिवे तशीच अबुधाबीला परत पाठवण्यात आली. त्यानंतर २५ एप्रिल रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने परवानगीची कार्यपद्धती जाहीर केली. त्या घरांवर काय गुजरले असेल, ते शब्दांत सांगता येणार नाही.

सहार विमानतळावर पार्थिव प्रवाशांच्या दाराने येत नाही; ते मालवाहतूक विभागातून मिळते. म्हणून सगळ्या गावाने विमानतळावर जाऊ नये. दोघे-तिघे जाणते पुरुष वा स्त्रिया आपले ओळखपत्र, मृताशी असलेल्या नात्याचा पुरावा, एअर वे बिलाची प्रत आणि चार कागदांचे दोन संच घेऊन जावेत. शववाहिका आधी ठरवावी. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूमुळे मुंबईहून उरणकडे येणारा रस्ता आता बराच जवळ झाला आहे.

धर्मग्रामाची तयारी

दफनाची वेळ चर्चच्या फलकावर लावण्याची घाई करू नये. आरोग्य अधिकाऱ्यांची मंजुरी आणि विमानाची निश्चित वेळ कळल्यावरच ती ठरवावी. दफनभूमीतील नोंदीसाठी परदेशी मृत्यूदाखल्याची प्रत धर्मगुरूंना आधी द्यावी. पेटी उघडून दर्शन घेण्याचा आग्रह घरातील वडीलधारे धरतात. देहाची अवस्था आणि सोबतच्या वैद्यकीय सूचना पाहूनच ते ठरवावे. मंजुरी नसेल तर पेटीवर त्याचे छायाचित्र आणि क्रूस ठेवून प्रार्थना करावी. आईने पेटीवर हात ठेवला तरी तो निरोपच असतो.

त्यानंतरची कामे

दफनानंतर फाइल बंद करू नये. परदेशातील मृत्यूची नोंद तेथील भारतीय दूतावासात करून त्याचा दाखला घ्यावा; बँक, विमा आणि वारसाहक्क ह्यांसाठी तो लागतो. थकलेला पगार, नोकरीअखेरची रक्कम आणि भरपाई ह्यांची मागणी लेखी करावी व प्रत दूतावासाला पाठवावी. जहाजावरील नोकरी असल्यास खलाशांच्या भविष्यनिर्वाह निधीची चौकशीही करावी.

आमची एक विनंती आहे. घरातील माणूस परदेशी निघण्यापूर्वी त्याच्या पासपोर्टची, व्हिसाची, नोकरीच्या कराराची आणि विम्याची प्रत, तसेच मालकाचा वा जहाज कंपनीचा दूरध्वनी, एका पाकिटात घालून पत्नीच्या किंवा आईच्या हाती द्यावा. हे अपशकुनी वाटून टाळू नये. ज्या घरी असे पाकीट असते तेथे पहिले दोन-तीन दिवस शोधाशोधीत जात नाहीत.

आणि दरवर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आपण दफनभूमीत नावे वाचतो. परदेशी मातीत वा समुद्रात विसावलेल्या आपल्या बांधवांची नावेही त्या यादीत असावीत. घरच्यांनी ती धर्मगुरूंकडे आधी लिहून द्यावीत. प्रभू त्यांना चिरशांती देवो.